बर्फाच्या उताराचे मोजमाप

चेन्नईतील गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1794 मध्ये भूमापनाची शाळा म्हणून जन्मास आले. जवळच्याच सेंट थॉमस टेकडीपाशी 1802 साली विल्यम लॅम्टन यांनी आधाररेषा मोजली आणि तेथून कोन मोजीत निघालेले सर्वेक्षण पुढे हिमालयाला जाऊन भिडले. अशा उकाड्याच्या गावावरून हिमस्खलनाकडे वळणे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु बर्फाच्या डोंगरात जीव राखणारे पहिले माप हे कोनाचेच आहे.

बर्फाचा थर घसरतो तो बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून सौम्य उतारावर तो सहसा टिकून राहतो, आणि फार उभ्या कड्यावर मुळी साचतच नाही.

मात्र कोन कळला म्हणजे धोका कळला, असे नव्हे. हिवाळाभर पडलेला बर्फ एकजिनसी नसतो. प्रत्येक वादळाचा एक थर, अशी ती भाकरींची चवड असते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास, तर वरचा पृष्ठभाग रात्री कितीतरी अधिक गार. साठा पातळ असेल तर हा फरक तीव्र होतो, बाष्प वर चढते आणि खाली साखरेसारखे सुटे कण तयार होतात. त्यांवर वाऱ्याने दाबून बसविलेला घट्ट थर आला, की ज्वारीच्या दाण्यांवर फरशी ठेवावी तशी स्थिती होते. मग एका माणसाचे वजनही पुरते. अशा थरांखाली सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो थर त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच मोडलेला असतो.

हा दुबळा थर हाताने शोधता येतो. फावड्याने खड्डा खणावा, त्याच्या भिंतीतून 30 सेंटिमीटर चौरस खांब मोकळा करावा, त्यावर फावड्याचे पाते ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून माराव्यात. थोड्याच थापांत खांब सपाट पृष्ठावर तुटून सरकला, तर परत फिरावे. न तुटला तर निर्धास्त व्हावे, असा याचा अर्थ मात्र नाही. दहा पावलांवर वाऱ्याने निराळेच काही रचून ठेवलेले असते. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होणे, भेगा धावणे, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, या खुणा खड्ड्याहून बोलक्या होत.

3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनवर मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतील दहा जण गाडले गेले. त्यांत एक जवान सातारा जिल्ह्याचा होता. तेथे बर्फाची भिंतच कोसळली होती. असल्या संकटापुढे खड्ड्याची परीक्षा निरुपयोगी. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद काही दिवसांनी जिवंत सापडले, हा अपवादच. तेही 11 फेब्रुवारीस निवर्तले. एरवी पाव तासात बाहेर निघालेला बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणून संशयित उतार एकेकानेच ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरील नजर हलवू नये.