ग्राफिक्स कार्ड नवं, मदरबोर्ड जुना : गेमिंग पीसीसाठी पैसे खर्च करण्याआधी काय तपासायचं?

समजा, तीन-चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या कामासाठी म्हणून घरी एक पीसी असेंबल करून घेतला. बजेट बेताचं होतं. त्यामुळे रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला, ज्याच्या आतच छोटं ग्राफिक्स असतं. मदरबोर्ड बी४५० किंवा ए५२०. 'ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू' असं ठरलं. भारतात असे पीसी घरोघरी आहेत.

आता पैसे साठलेत आणि कार्ड घ्यायचं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा किंवा ऑनलाइन, उत्तर एकच मिळतं: कुठलंही घ्या, बसेल.

बसेल हे खरंच आहे. पण बसणं आणि पूर्ण ताकदीनं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक बऱ्याचदा कार्ड घरी आल्यावर, पैसे देऊन झाल्यावर कळतो.

महाग मदरबोर्डमुळे गेम जास्त वेगानं चालतो का?

जवळपास नाही. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच ठेवून साध्या बोर्डऐवजी दुप्पट किमतीचा बोर्ड लावला, तरी फ्रेम रेटमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही. जास्तीचे पैसे जातात ते प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या चांगल्या सर्किटसाठी, जास्त एसएसडी स्लॉटसाठी, वायफायसाठी, यूएसबी पोर्टसाठी आणि अर्थातच दिव्यांच्या रोषणाईसाठी. गेमसाठी पीसी बांधताना बोर्डवर वाचवलेले पैसे कार्डात घालणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

मदरबोर्ड वेग वाढवत नाही, पण चुकीच्या जोडीत तो वेग अडवू शकतो.

१६ लेनचा स्लॉट, ८ लेनचं कार्ड

ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर एकमेकांशी बोलतात ते पीसीआय एक्सप्रेस नावाच्या रस्त्यावरून. या रस्त्याला लेन असतात आणि प्रत्येक नव्या पिढीत लेनचा वेग साधारण दुप्पट होतो. ३.० या पिढीत एका लेनवरून सेकंदाला सुमारे १ जीबी डेटा जातो, ४.० मध्ये सुमारे २ जीबी.

बोर्डवरचा लांब स्लॉट १६ लेनचा असतो, कार्डाचा कनेक्टरही तेवढाच लांब दिसतो. पण मध्यम किमतीच्या अनेक कार्डांमध्ये प्रत्यक्षात ८ च लेन जोडलेल्या असतात. एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं अशीच आहेत. इंटेलचं आर्क बी५८० सुद्धा. नव्या बोर्डवर त्यानं काही बिघडत नाही, कारण नव्या पिढीच्या ८ लेन म्हणजे जुन्या पिढीच्या १६ लेन.

आपल्या उदाहरणातला पीसी मात्र ३.० वर अडकलेला आहे. बी४५० आणि ए५२० हे बोर्ड ३.० चेच आहेत. इथं अनेक जण फसतात, कारण बी५५० बोर्ड असला तरी ५६००जी आणि रायझन ५ ५५०० हे प्रोसेसर ३.० च्या पुढे जात नाहीत. खोक्यावर बोर्ड ४.० चा असल्याचं लिहिलेलं असतं, पण स्लॉटचा वेग प्रोसेसरही ठरवतो. म्हणजे या पीसीत ८ लेनचं कार्ड लावलं, की रस्ता उरतो सेकंदाला सुमारे ८ जीबीचा.

पण हा रस्ता इतका महत्त्वाचा का?

एरवी तो फारसा महत्त्वाचा नसतोही. गेमची चित्रं, टेक्स्चर कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावली, तर कार्ड बहुतेक काम आतल्या आत उरकतं. ही मेमरी प्रचंड वेगवान असते: आरटीएक्स ५०६० मध्ये सेकंदाला ४४८ जीबी. अशा वेळी जुन्या बोर्डमुळे होणारं नुकसान किरकोळ असतं.

गडबड होते ती मेमरी भरल्यावर. ८ जीबी पुरली नाही, की उरलेला डेटा पीसीच्या रॅममध्ये जातो आणि गरज पडेल तेव्हा त्याच रस्त्यानं परत आणावा लागतो. ४४८ जीबीच्या वेगाची सवय असलेल्या कार्डाला तो आता ८ जीबीच्या वेगानं मिळतो. गेम बंद पडत नाही. सरासरी फ्रेम रेटही कधी कधी ठीकच दिसतो. पण वळणावर, नव्या खोलीत शिरताना, गाडी वेगानं पळवताना चित्र क्षणभर अडखळतं. अनेकांना वाटतं कार्ड खराब निघालं, आणि मग दुकानाच्या चकरा सुरू होतात.

याचं टोकाचं उदाहरण २०२२ च्या जानेवारीत आलं. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात ४ जीबी मेमरी आणि फक्त ४ लेन होत्या. जुने बोर्ड वापरणाऱ्यांसाठी स्वस्त कार्ड म्हणून ज्यांनी ते घेतलं, त्यांनाच ३.० बोर्डवर सर्वांत मोठा फटका बसला.

आणि ८ जीबी आता खरोखर भरते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या गेमच्या किमान गरजेतच ८ जीबीचं कार्ड आहे, तेही रे ट्रेसिंग हार्डवेअर असलेलं. म्हणजे जीटीएक्स १६६० सारखी एकेकाळची लाडकी कार्डं तिथं बादच.

नाव एक, कार्डं दोन

आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये दोन प्रकारांत आलं: ८ जीबी ३७९ डॉलरला, १६ जीबी ४२९ डॉलरला. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच, ८ जीबी २९९ आणि १६ जीबी ३४९ डॉलर. भारतात यावर १८ टक्के जीएसटी आणि विक्रेत्यांचं गणित चढतं. खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव मात्र दोन्हींचं सारखंच. कंपन्यांनी हे असं का ठेवलं असेल, हे ज्यानं त्यानं ओळखावं. बिलावर 'जीबी' लिहून घेणं उत्तम.

जुन्या ३.० पीसीसाठी यातून निवड बरीच सोपी होते. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, त्यामुळे ३.० वरही त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. त्याचं १६ जीबीचं कार्ड अशा पीसीला सर्वांत जास्त मानवतं. एनव्हिडियाच हवं असेल तर ५०६० टीआय, पण १६ जीबीचंच. ८ जीबी आणि ८ लेन ही जोडी जुन्या बोर्डवर टाळलेली बरी. फक्त व्हॅलोरंट, सीएस २ असे हलके गेम खेळायचे असतील, तर एवढा विचार करायची गरज नाही. तिथं कार्डापेक्षा प्रोसेसर आधी थकतो.

बी५५० बोर्ड असणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. ५६००जी विकून रायझन ५ ५६०० लावला की स्लॉट ४.० होतो आणि कॅशही १६ एमबीवरून ३२ एमबी होते. त्याआधी बोर्डचं बायोस अपडेट करायला विसरू नये.

सगळंच नवं घ्यायचं असेल तर?

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ रॅम चालते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्यानं चढल्या, त्यामुळे हा खर्च आधी मोजावा. फायदा असा की हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचं एएमडीनं जाहीर केलं आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड जुनी डीडीआर४ रॅम घेतात, पण १४ व्या पिढीनंतर त्या सॉकेटला पुढे वाट नाही.

नव्या सॉकेटवरही लेनचा सापळा आहेच. रायझन ५ ८५००जी हा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला फक्त ४ लेन देतो. 'कार्ड नंतर टाकू' म्हणणाऱ्यांनी तो घेण्याआधी दोनदा विचार करावा.

दोन कार्डं एकत्र लावायची कल्पना मात्र आता सोडून द्यावी. एनव्हिडियानं २०२१ पासून एसएलआयसाठी नवी ड्रायव्हर प्रोफाइल देणंच थांबवलं.

कार्ड लावल्यानंतर

कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्येच लावावं, खालच्या लांब स्लॉटमध्ये बहुतेकदा ४ च लेन असतात. मॉनिटरची केबल कार्डाला जोडायची, बोर्डला नाही. ५६००जी सारख्या प्रोसेसरवर ही चूक लक्षातच येत नाही, कारण बोर्डच्या पोर्टवरूनही चित्र दिसत राहतं. मग जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून 'बस इंटरफेस' ही ओळ बघावी. तिथं किती लेन आणि कुठली पिढी ते दिसतं. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवण्यासाठी पिढीचा आकडा खाली उतरतो, म्हणून त्याच ओळीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी चालू करावी आणि मगच आकडा वाचावा. लेन अपेक्षेपेक्षा कमी दिसल्या, तर पीसी बंद करून कार्ड काढावं आणि खटका लागेपर्यंत नीट दाबून पुन्हा बसवावं.