दूध, लिंबू आणि लिंबाची पाई

दुधांत लिंबाचा थेंब पडला कीं दूध नासलें, हें घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. दुधाचें पातेलें जवळ असतांना कोणी लिंबू चिरावयास घेतलें, तर वडीलधारी बाई आधीं तें पातेलें दूर सारावयास सांगते. अशा घरांत कोणी येऊन म्हणालें कीं, डबाभर गोड दुधांत आठ लिंबांचा रस ओता, दूध नासणार नाहीं, उलट श्रीखंडासारखें घट्ट होईल, तर ती थट्टाच वाटेल. परंतु लिंबाची पाई या नांवाचा जो पाश्चात्य पदार्थ आज शहरांतील घरांतून होऊं लागला आहे, त्याचें सारें रहस्य याच एका गोष्टींत आहे. ज्या गृहिणीला तें उमगलें तिची पाई सहसा बिघडत नाहीं. जिला उमगलें नाहीं तिची पाई कृतीचा कागद समोर असूनही फसते.

पाई म्हणजे तळाशीं खुसखुशीत कवच आणि त्यांत गोड किंवा तिखट सारण असलेला पदार्थ. सफरचंदाची पाई करावयाची तर कणीक मळणें, लाटणें, भट्टींत भाजणें असा खटाटोप असतो. लिंबाच्या पाईला यांतलें कांहींच लागत नाहीं. ती विस्तवाशिवायही होते, आणि म्हणूनच ज्या घरांत भट्टी नाहीं त्या घरांतही होते.

या पदार्थाचा जन्म अमेरिकेच्या दक्षिण टोकाशीं झाला. फ्लोरिडा संस्थानाच्या पुढें समुद्रांत लहान लहान बेटांची एक रांग आहे. तिच्या टोकाला असलेल्या की वेस्ट या बेटापर्यंत आगगाडी पोहोंचली ती १९१२ सालीं. तोंपर्यंत तेथें जें कांहीं यावयाचें तें जहाजानें. उष्ण हवा आणि बर्फाची टंचाई. अशा ठिकाणीं ताजें दूध टिकणार कसें? ही अडचण डब्यांतील दुधानें दूर केली. गेल बोर्डेन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८५६ सालीं निर्वात भांड्यांत दूध आटविण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. साखर घालून बंद डब्यांत भरलेलें असें दूध महिनेच्या महिने टिकतें. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धांत सैन्याला त्याचा पुरवठा झाला आणि तें घरोघर माहीत झालें. बेटांवरील लोकांजवळ हें दूध होतें आणि परसांत लिंबें होतीं. दोहोंच्या संयोगानें पाई झाली. २००६ सालीं फ्लोरिडानें तिला आपल्या संस्थानाची अधिकृत पाई ठरविलें.

आतां मौज अशी कीं, त्या बेटांवरील नामांकित लिंबू म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपलें कागदी लिंबूच होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें दोहोंची जात एकच आहे. आशियांतील हें झाड अरबांनीं पश्चिमेकडे नेलें आणि पुढें स्पॅनिश लोकांनीं तें अटलांटिक महासागरापलीकडे पोहोंचविलें. आनुवंशिक तपासणीवरून असेंही ठरलें आहे कीं, कागदी लिंबाच्या दोन जनकांपैकीं एक महाळुंग होय. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं जें फळ आहे तेंच हें महाळुंग. १९२६ सालच्या वादळांत दक्षिण फ्लोरिडांतील लिंबाच्या बागांची नासधूस झाली व त्यांच्या जागीं पुढें बिनबियांचें, जाड सालीचें पर्शियन लिंबू आलें. त्यामुळें अमेरिकन गृहिणीला अस्सल लिंबू आज शोधावें लागतें. आपल्याकडे तें कोणत्याही भाजीवाल्याच्या टोपलींत असतें. परभणीच्या कृषि विद्यापीठाचें प्रमालिनी व विक्रम, राहुरीच्या विद्यापीठाचें साई शरबती, हे सर्व कागदी लिंबाचेच सुधारलेले वाण आहेत.

दूध नासतें तेव्हां होतें काय? दुधांत केसिन नांवाच्या प्रथिनाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. ते एकमेकांस दूर ठेवतात म्हणून दूध पातळ राहतें. आम्लतेचें मोजमाप शास्त्रज्ञ पीएच या आंकड्यानें करितात. आंकडा जितका लहान तितकें आम्ल तीव्र. ताज्या दुधाचा आंकडा सुमारें ६.६ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. रस पडून मिश्रणाचा आंकडा ४.६ च्या आसपास उतरला कीं केसिनचे कण परस्परांस चिकटूं लागतात. साध्या दुधांत शंभर भागांपैकीं सुमारें ८७ भाग पाणी असतें. त्या पाण्यांत कण इतस्ततः गोळा होतात, गांठी बनतात आणि पाणी निराळें सुटतें. यालाच आपण दूध नासलें असें म्हणतों.

डब्यांतील गोड दुधांत पाणी शंभरांत सुमारें २७ भागच असतें आणि वरून घातलेली साखर ४० भागांहून अधिक असते. तेथें केसिनचे कण मुळांतच दाटीनें बसलेले असतात, आणि उरलेलें पाणी साखरेनें धरून ठेवलेलें असतें. लिंबाचा रस पडला कीं कण येथेंही एकमेकांस चिकटतात, परंतु गांठी होण्यास त्यांना मोकळी जागा नसते. त्यांचें सर्वत्र सारखें जाळें विणलें जातें आणि पाणी त्यांतच अडकून राहतें. थोडक्यांत, क्रिया तीच. एकीकडे दूध फुटतें, दुसरीकडे तें बसतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावें. उदाहरणासाठीं मोरवा गांवांतील एखादें घर घेऊं. भाईंदर स्टेशनाहून उत्तनकडे जातांना वाटेंत हें गांव लागतें. खाडी व समुद्र जवळ असल्यामुळें हवा दमट. बिस्किटाचा पुडा सकाळीं उघडला तर संध्याकाळीं बिस्किटें सादळलेलीं. पावसाळ्यांत लिंबें स्वस्त व रसदार मिळतात, पण नेमकीं तेव्हांच बिस्किटें अधिक सादळतात. म्हणून अशा ठिकाणीं पहिलें काम बिस्किटांचें.

साधीं ग्लुकोजचीं बिस्किटें २०० ग्रॅम घेऊन बारीक कुटावीं. हा चुरा तव्यावर मंद आंचेवर तीनचार मिनिटें परतावा म्हणजे त्यांतील दमटपणा जातो. निवल्यावर त्यांत चिमूटभर मीठ व ८० ग्रॅम पातळ केलेलें साजूक तूप घालून हातानें सारखें करावें. घरचें लोणी वापरूं नये. त्यांत ताकाचा अंश राहतो व कवच मऊ पडतें. हा चुरा आठ इंच व्यासाच्या, उभ्या कांठाच्या कांचेच्या किंवा चिनी मातीच्या थाळींत तळाशीं व कडेनें वाटीच्या बुडानें घट्ट दाबावा आणि थाळी अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी. तूप गोठलें कीं कवच तयार झालें.

पुढें सारण. यासाठीं सुमारें ४०० ग्रॅमचा गोड आटीव दुधाचा एक डबा, १५० ग्रॅम ताजा, फार आंबट नसलेला चक्का आणि १२० मिलिलिटर लिंबाचा रस एवढें पुरे. रस मोजूनच घ्यावा. लिंबें मोजूं नयेत. एक लिंबू दोन चमचे रस देईल, तर उन्हाळ्यांतलें दुसरें एक चमचाही देणार नाहीं. लिंबें चिरण्यापूर्वीं धुऊन त्यांतील दोहोंची हिरवी साल बारीक किसणीवर हलक्या हातानें किसून घ्यावी. लिंबाचा सुगंध सालींतील तेलांत असतो. मात्र खालचा पांढरा पापुद्रा किसला गेला तर पाई कडू होते.

चक्का फेंटून मऊ करावा, त्यांत डब्यांतील दूध घालावें आणि एकजीव झाल्यावर किसलेली साल घालावी. नंतर रस तीन वेळां विभागून घालीत ढवळावें. दोनतीन मिनिटांतच मिश्रण हाताखालीं जड होऊं लागतें, आणि नव्यानें करणारीला याच क्षणीं दूध नासल्याचा भास होतो. घाबरण्याचें कारण नाहीं. ढवळीत राहावें, म्हणजे तें तुळतुळीत होतें. मिश्रण कवचांत ओतून, झांकून, शीतकपाटांत निदान सहा तास ठेवावें. रात्रीं केलेली पाई सकाळीं सुरेख कापली जाते.

पाई बिघडते ती चार कारणांनीं. रस कमी पडला तर ती बसत नाहीं. अंदाजापेक्षां फार अधिक झाला तर पातळ व जहाल होते. डब्याऐवजीं साधें दूध घेतलें तर तें सरळ फुटतें. आणि चौथें कारण भांड्याचें. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत लिंबाचा रस कळकतो हें जुन्या गृहिणी जाणतात; ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही आम्ल लागतें. कांच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील हेंच योग्य.

अमेरिकेंत या सारणांत अंड्याचा बलक घालतात. त्यानें रंग व स्निग्धता येते, परंतु घट्टपणाचें मुख्य काम आम्लच करितें. म्हणून शाकाहारी घरांत तो वगळल्यानें अडत नाहीं. ज्यांना बलक घालावयाचा असेल त्यांनीं पाई भट्टींत भाजल्याशिवाय खाऊं नये, कारण कच्च्या अंड्यांत रोगजंतु असण्याचा संभव असतो.

आणखी एक शंका घरांतील वडील मंडळी काढतील. चरकसंहितेंत दूध व आंबट पदार्थ यांचा योग विरुद्ध आहारांत गणला आहे. ज्या घरीं हा नियम पाळतात तेथें पाईचा आग्रह धरूं नये. मात्र लिंबानें फाडलेल्या दुधाचें पनीर आणि विरजलेल्या दुधाचें श्रीखंड ज्या पानांत वाढलें जातें, त्या पानाला ही पाई अगदींच परकी नाहीं. जपावयाचें तें साखरेला. एका डब्यांत दोनशें ग्रॅमहून अधिक साखर असते; म्हणून एका पाईचे दहा तरी तुकडे करावे, वरून साखर घालूं नये, आणि मधुमेह्यानें या वाटेस जाऊं नये.

लिंबू आपलें, चक्का आपला, आणि दूध आटविण्याची विद्याही बासुंदी करणाऱ्या घराला नवी नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, ज्या आम्लाला दुधाचा वैरी मानून इतके दिवस दूर ठेवलें, त्याच्याकडूनच दूध बसवून घ्यावयाचें. एकदां हें कार्यकारण ध्यानांत आलें कीं लिंबाच्या जागीं ईडलिंबाचा रस घेऊनही हाच प्रयोग करतां येतो. संत्र्याचा रस मात्र पुरेसा आंबट नसतो. त्यानें दूध नीट बसत नाहीं, म्हणून त्याच्या जोडीला लिंबू ठेवावेंच लागतें. याचें कारण आतां कोणत्याही गृहिणीला स्वतः सांगतां यावें.