सोडियम बॅटरीत ग्राफीनने नेमके करायचे काय?

लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रात बहुधा साधे ग्राफाइट असते. कार्बनचे थर एकावर एक रचलेले आणि दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटरचे अंतर. चार्जिंग होताना लिथियमचे आयन त्या फटींत जाऊन बसतात आणि एका ग्रॅम ग्राफाइटमागे सैद्धांतिक हिशेबाने ३७२ मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार साठतो. तिथेच सोडियम वापरून पाहिले, तर याच्या एक दशांशही भार साठत नाही. सोडियमचा आयन मोठा म्हणून तो मावत नाही, असे कारण नेहमी दिले जाते. ते अर्धवट आहे. पोटॅशियमचा आयन त्याहून मोठा, तरी तो ग्राफाइटमध्ये खुशाल शिरतो. खरी अडचण ऊर्जेच्या हिशेबाची आहे: सोडियम आणि ग्राफाइट यांचे संयुग पुरेसे स्थिर होत नाही.

थरच अडवत असतील तर ते सुटे करावेत, हा विचार साहजिकच आला. ग्राफाइटचा एकच थर म्हणजे ग्राफीन. तो मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये वेगळा केला आणि २०१० चे नोबेल मिळवले. पुढे कुणी थरांमधली फट ०.४३ नॅनोमीटरपर्यंत रुंदावली, तर २०२१ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी ग्राफीनच्या एकाच बाजूला रेणू चिकटवून ३३२ मिलिअँपिअर-तासांचा आकडा गाठला. मग ऋणाग्र ग्राफीनचेच का करू नये? कारण ग्राफीनचा जो गुण सर्वांत जास्त वाखाणला जातो, तोच इथे आड येतो. एका ग्रॅम ग्राफीनचे पृष्ठफळ सिद्धांताने २,६३० चौरस मीटर भरते. पहिल्या चार्जिंगच्या वेळी ऋणाग्राच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन एक पापुद्रा बसतो आणि त्यात सोडियम कायमचे अडकते. पृष्ठफळ जितके मोठे, तितके हे नुकसान जास्त. प्रयोगशाळेत ते सहसा डोळ्यांवर येत नाही, कारण चाचणीच्या घटात समोर सोडियम धातूचा तुकडा असतो आणि पुरवठा संपत नाही. विकायच्या बॅटरीत मात्र सगळे सोडियम धनाग्रातूनच यायचे असते. तिथे गेले ते गेले.

म्हणून ग्राफीन निरुपयोगी ठरत नाही; त्याला कोठार करण्याचा आग्रह तेवढा चुकीचा आहे. सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट हे धनाग्रासाठी उत्तम, पण विजेचे मंद वाहक. त्याच्या कणांभोवती ग्राफीनचे वेष्टन दिले की इलेक्ट्रॉनना वाट मिळते. फॉस्फरस सिद्धांताने ग्रॅममागे जवळजवळ २,६०० मिलिअँपिअर-तास साठवू शकतो, पण सोडियम घेताना इतका फुगतो की ऋणाग्राचे तुकडे होतात. स्टॅनफर्डच्या गटाने २०१५ मध्ये फॉस्फरसचे पातळ थर ग्राफीनच्या थरांत बसवून २,४४० पर्यंत मजल मारली. (हा आकडा फक्त फॉस्फरसच्या वजनावर काढलेला आहे; ग्राफीनचे वजन धरले की तो खाली येतो.) साठवण फॉस्फरसची, ग्राफीनकडे वीज वाहणे आणि ताण सोसणे.

बाजाराने निवडला तो हार्ड कार्बन. कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० मध्ये ग्लुकोजपासून तो तयार करून सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास मिळवले होते. गंमत अशी की हार्ड कार्बन म्हणजे तरी काय, ग्राफीनसारख्या थरांचे वाकडेतिकडे तुकडे आणि त्यांच्यामधल्या सूक्ष्म पोकळ्याच. मात्र त्याचे बाहेरचे पृष्ठफळ आटोक्यात ठेवता येते, आणि तो नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. ग्राफीन पुढे स्वस्त होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण सोडियम बॅटरीची सगळी बाजूच स्वस्ताईवर उभी आहे: सोडियम मुबलक, आणि ऋणाग्राला तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम चालते. ग्राफीनचा भाव उतरला तरी पृष्ठफळ उतरणार नाही. पहिल्या चार्जिंगची तूट ऋणाग्रात आधीच सोडियम घालून भरून काढता येते, पण त्यासाठी कारखान्यात आणखी एक टप्पा वाढतो, तोही हवेत नि ओलाव्यात न टिकणाऱ्या पदार्थाचा.