चौथा डाउन आला कुठून?

बी. सी. लायन्स या कॅनेडियन फुटबॉल संघाचे सामने व्हँकुव्हरला होतात, पण संघाचा सराव चालतो आमच्या सरेत. भारतातून नवा आलेला माणूस एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, पाहून आलेला असतो. इथे दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच डाउन, म्हणजे तीनच प्रयत्न, मैदान 110 यार्ड लांब आणि खेळाडू बारा, हे पाहून तो म्हणतो, ‘कॅनडानं अमेरिकन खेळाची मोडतोड केली!’

मोडतोड झाली, पण बरीचशी तिकडे. 1874च्या मे महिन्यात मॉन्ट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ हार्वर्डला जाऊन खेळलं आणि रग्बीच्या वळणाच्या नियमांची गोडी हार्वर्डला लागली. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पच्या आग्रहानं चेंडू ज्याच्याकडे त्याचा ताबा पक्का ठरला. झालं! 1881मध्ये प्रिन्स्टननं अर्धा सामना आणि येलनं उरलेला अर्धा चेंडू नुसता धरून ठेवला. प्रेक्षक कंटाळले. म्हणून 1882मध्ये तीन डाउनमध्ये पाच यार्ड पुढे जाण्याची सक्ती आली. प्रो कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ चढाई आठवा: दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. दुखणं तेच, औषधही तेच.

कॅनडात 1903मध्ये ऑन्टॅरियोच्या रग्बी संघटनेनं बर्नसाइड नियम स्वीकारले: बारा खेळाडू, तीन डाउन, दहा यार्ड. अमेरिकेत दहा यार्ड आले 1906मध्ये, तेही तीनच डाउनमध्ये. चौथा डाउन त्यांनी 1912मध्ये वाढवला. कॅनडानं डाउन कमी केले नाहीत, होते तेवढेच ठेवले. लांबीचंही तसंच. अमेरिकेचं मैदान आधी 110 यार्डांचंच होतं, 1912मध्ये ते 100वर आलं.

दुसरा समज, चेंडू हातानं पुढे फेकणं हा या खेळाचा मूळ स्वभाव. मुळीच नाही. आधी सगळी मारामारी घोळक्यात चाले, माणसं मरत. 1905मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. खेळ मोकळा व्हावा म्हणून मैदान रुंद करण्याचा विचार होता, पण हार्वर्डचं नवंकोरं काँक्रीटचं स्टेडियम आड आलं. मग 1906मध्ये पुढचा पास मान्य झाला, तोही हात राखून: कुणाच्याही हाताला न लागता चेंडू जमिनीवर पडला की तो थेट प्रतिस्पर्ध्यांचा! स्टेडियमच्या भिंती हलेनात म्हणून नियम हलला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मजेशीर वाटतं. कॅनडाचं मैदान आजही 65 यार्ड रुंद आहे, अमेरिकेचं सुमारे 53. पास मात्र इथे सर्वत्र रुजायला 1931 उजाडलं.

राहिला तिसरा समज, की कॅनडाचे नियम कधी बदलत नाहीत. सप्टेंबर 2025मध्ये कॅनेडियन फुटबॉल लीगनं जाहीर केलं आहे: 2027पासून मैदान 100 यार्डांचं, गोलचे खांब मैदानाच्या अगदी टोकाला. डाउन मात्र तीनच.