मुंबई बेट कोणाचें?

मुंबई हें मूळचें सात बेटांचें गांव, हें आमच्या विद्यार्थ्यांस भूगोलाच्या पुस्तकावरून ठाऊक असतें. १६६१ च्या तहान्वयें तें पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहांत इंग्लंडच्या राजास आंदण मिळालें, व १६६८ सालीं त्यानें तें वार्षिक दहा पौंड खंडानें कंपनीस देऊन टाकिलें, हेंही पुष्कळांस पाठ असेल. या देण्याघेण्यांत तेथील कोळ्यांभंडाऱ्यांस त्यांची इच्छा कोणीं विचारिली नाहीं. परंतु सुमारें तीनशें वर्षांनीं, स्वराज्य आल्यावर, तोच प्रश्न पुनः उभा राहिला आणि या वेळीं लोक न विचारतांच बोलूं लागले.

भाषावार प्रांतरचनेसाठीं १९५३ च्या डिसेंबरांत फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर या त्रयीचा आयोग नेमण्यांत आला. ३० सप्टेंबर १९५५ रोजीं त्यानें गुजरात व महाराष्ट्र मिळून एक द्वैभाषिक मुंबई राज्य सुचविलें आणि आमच्या विदर्भास त्यांतून वगळून निराळें राज्य करावें असें म्हटलें. पुढें काँग्रेसच्या श्रेष्ठींनीं तीन राज्यांची योजना काढिली: महाराष्ट्र, गुजरात, आणि मुंबई शहर स्वतंत्र!

मुंबई निराळी असावी असें म्हणणाऱ्यांचा पक्ष अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढारीपणाखालील नागरिक समितीचें म्हणणें असें कीं, या नगरींत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी. तिचा व्यापार गुजराती, पारशी आदि सर्वांनीं वाढविला. तेव्हां ती एका भाषेच्या स्वाधीन कां करावी? १९५१ च्या गणतीकडे पाहतां पहिलें विधान खरेंच होतें. मात्र मराठी भाषिकांचा समाज इतर कोणत्याही एका समाजाहून मोठा होता, ही गोष्ट सोयीस्करपणें मागें राही. शिवाय बेटास पाणी मिळे तें ठाणें जिल्ह्यांतील तानसा-वैतरणेचें, वीज येई ती खोपोलीकडच्या घाटांतून, आणि गिरण्यांचे साचे चालविणारे हात रत्नागिरी-साताऱ्याचे. भांडवल ज्याचें त्याचेंच शहर, असा न्याय लाविला तर जगांतील फारच थोडीं बंदरें आपल्या देशाचीं उरतील, असें आम्हांस वाटतें.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजीं फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार होऊन पंधरा माणसें मेलीं. १६ जानेवारी १९५६ रोजीं पंडित नेहरूंनीं आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असें जाहीर केलें आणि शहर पेटलें. आज हुतात्मा चौक म्हणतात तो तोच. १०५ हुतात्मे हा शब्द मराठींत रूढ झाला तो या चळवळीवरून. देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं राजीनामा दिला. अखेरीस १ नोव्हेंबर १९५६ रोजीं केंद्रशासनाची कल्पना सोडून विशाल द्वैभाषिक राज्य स्थापन झालें. १९५७ च्या निवडणुकींत मुंबईनें व पश्चिम महाराष्ट्रानें संयुक्त महाराष्ट्र समितीस भरघोस मतें देऊन आपला कौल पुनः सांगितला. आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला.

हें सर्व झालें तरी "तुमची इच्छा काय?" अशी चिठ्ठी मुंबईकरांच्या हातीं कोणीं दिली नाहीं. ती दिली गेली गोव्यांत. १६ जानेवारी १९६७ रोजीं (तारीख पहा, योगायोग विलक्षण आहे!) तेथील जनतेस महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं केंद्रशासित राहावें असें विचारण्यांत आलें. विलीनीकरणासाठीं फूल व केंद्रशासनासाठीं दोन पानें अशीं चिन्हें होतीं. फुलास १,३८,१७० व पानांस १,७२,१९१ मतें पडलीं. अनेक मराठी घरांत त्या निकालानें हळहळ झाली. पण रक्त न सांडतां निकाल लागला.

आतां आमच्या गांवाविषयीं. १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी असलेलें नागपूर त्याच १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राजधानी राहिलें नाहीं. येथील जनमत मुंबईसारखें एकमुखी नव्हतें. बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते होते. डॉ. आंबेडकर १९५५ सालीं मुंबईचें एक व महाराष्ट्राचीं आणखी तीन अशीं चार राज्यें सुचवीत होते. १९५७ सालीं विदर्भानें समितीस फारसा हात दिला नाहीं. उलट, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर विदर्भांतल्याही पुढाऱ्यांच्या सह्या आहेत. शिक्षणांत व नोकऱ्यांत प्रमाणशीर वांटा आणि विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन नागपुरास, हीं त्यांतील वचनें. थंडीच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात व मुलांस शाळेस पोहोंचावयास उशीर होतो, तेव्हां पुष्कळ पालक त्रासतात. तें अधिवेशन त्याच कराराचें फळ होय. वांट्याचें वचन कितपत पाळलें गेलें, यावर नागपुरांतील घरोघरीं अद्याप वाद चालतो, आणि बाप-लेकांचीं मतें बहुधा जुळत नाहींत.