विद्येचा पैसा आणि पैशाची विद्या

विद्येला पैसा लागतो, ही गोष्ट या संस्थेच्या सभासदांस नव्याने सांगावयास नको. परंतु पैसा असूनही तो योग्य मुलापर्यंत का पोचत नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. अर्ज कोठे करावा, केव्हा करावा, हाती आलेल्या कागदाचा अर्थ काय, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मुदत टळते आणि हुशार मुलगा कोठेतरी दुकानात चिकटतो. हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेतील स्पॅनिश भाषक समाजाला तो फार मोठ्या प्रमाणावर आलेला आहे. त्या समाजाने त्यातून मिळविलेले व्यवहारज्ञान या महोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

हा समाज कोणता?

अमेरिकेत ज्यांना 'हिस्पॅनिक' म्हणतात, त्यांत मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा इत्यादी मुलखांतून आलेली कुटुंबे येतात. २०२० च्या शिरगणतीत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. म्हणजे दर शंभरांत सुमारे एकोणीस. यांतील काही घराणी तर कोठून आलेलीच नाहीत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसे होती तेथेच राहिली, सीमा मात्र सरकली. १९५६ साल पाहिलेल्या बेळगावकरांस याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी, असे झाले की घरातले थोरले मूल दुभाष्या बनते. दहा-बारा वर्षांची मुलगी आईवडिलांना बँकेचे पत्र वाचून दाखविते. पुढे स्वतःच्या कॉलेजचा अर्जही तिलाच समजून घ्यावा लागतो.

पहिला अर्ज

तेथे उच्च शिक्षणाच्या सरकारी मदतीचा दरवाजा एकच आहे: 'फॅफ्सा' नावाचा अर्ज. त्याच्या नावातले पहिलेच अक्षर 'फ्री' म्हणजे मोफत या शब्दाचे आहे. म्हणून जाणती मंडळी पहिला सल्ला देतात तो असा की, हा अर्ज भरून देण्याबद्दल कोणी पैसे मागितले तर तेथून उठावे. अर्ज स्पॅनिशमध्येही मिळतो. तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. कित्येक राज्ये व कॉलेजे मदतीचा निधी शिल्लक असेपर्यंतच वाटतात. म्हणून जो आधी अर्ज करील त्याला लाभ.

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर आईवडील नागरिक नसले तरी त्याचा हक्क जात नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेक घरे अर्जच करीत नाहीत. उलट ज्या विद्यार्थ्याचे स्वतःचेच कागद नाहीत, त्याला ही केंद्रीय मदत मिळत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी अशांसाठी निराळी सोय केली आहे.

आणखी एक बारकावा. अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरले जाते. मध्यंतरी बापाची नोकरी सुटली असेल तर कागदावर घर सुखवस्तू दिसते. अशा वेळी गप्प न बसता कॉलेजच्या मदत-कचेरीस पुराव्यासह लिहावे. फेरविचाराचा अधिकार तिला असतो.

देणगी कोणती, कर्ज कोणते?

अर्जानंतर कॉलेजचे पत्र येते आणि खरा घोटाळा येथेच होतो. त्यात देणगी, मजुरी आणि कर्ज एकाखाली एक मांडलेले असते, आणि घरची माणसे सगळ्यांची बेरीज म्हणजे बक्षीस समजतात. एक काल्पनिक हिशेब घेऊ. वर्षाचा खर्च २४,००० डॉलर. पत्रात पेल अनुदान ७,३९५ (२०२५-२६ साली ही कमाल मर्यादा होती), कॉलेजची शिष्यवृत्ती ४,०००, कामाची सोय २,५०० आणि कर्ज ५,५००. बेरीज १९,३९५, म्हणजे जवळजवळ सगळे भागले असे वाटते. पण परत न करावयाची रक्कम फक्त ११,३९५ आहे. उरलेले १२,६०५ डॉलर घाम गाळून, कर्ज काढून किंवा खिशातून द्यावयाचे आहेत. कामाचे २,५०० तर काम केल्यावर पगार म्हणून हळूहळू मिळावयाचे. फी भरण्याच्या दिवशी ते हातात नसतात. म्हणून कागदावर दोन रकाने पाडावेत, 'मिळाले' आणि 'फेडावयाचे', आणि मगच कॉलेजांची तुलना करावी.

कर्जातही भेद आहे. एका प्रकारच्या सरकारी कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत व्याज सरकार भरते. दुसऱ्यावर पैसे हाती पडल्या दिवसापासून व्याज चढते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ५,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. त्यांत पहिल्या प्रकारचे ३,५०० पेक्षा अधिक नसते. आधी पहिले, मग दुसरे, आणि खासगी सावकारी कर्ज अगदी शेवटी, हा क्रम चुकू नये. मंजूर झाले म्हणून सगळे कर्ज उचललेच पाहिजे, असेही नाही.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे घरी राहून दोन वर्षे गावच्या कम्युनिटी कॉलेजात शिकणे आणि मग मोठ्या विद्यापीठात जाणे. मात्र कोणते विषय पुढे धरले जातील हे आधीच लेखी विचारून घ्यावे. नाहीतर वाचविलेला पैसा पुन्हा तेच विषय शिकण्यात जातो.

रोजचा व्यवहार

मेक्सिकन कुटुंबांत 'तांदा' नावाची चाल आहे. दहाजणांनी दरमहा शंभर डॉलर काढावयाचे आणि पाळीपाळीने एकाने हजार उचलावयाचे. ही आपली भिशीच! व्याज नाही, जामीन नाही, केवळ विश्वास. उणीव एवढीच की वर्षानुवर्षे चोख हप्ते भरले तरी बँकेच्या दप्तरी त्याची नोंद नसते, आणि पत नाही म्हणून घरकर्ज मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधील मिशन अ‍ॅसेट फंड या संस्थेने यावर सुरेख तोड काढली. ती अशा मंडळांच्या हप्त्यांची नोंद पतसूचना देणाऱ्या कंपन्यांकडे पाठविते. जुनी चाल न मोडता तिला नव्या जगात मान मिळवून दिला.

याउलट पगाराआधीचे उसने. शंभर डॉलरला पंधरा दिवसांचे पंधरा डॉलर, असा भाव ऐकला की तो किरकोळ वाटतो. पण १४ दिवसांना १५ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ३९१ टक्के! व्याज नेहमी वर्षाच्या दराने विचारावे. सावकाराची भाषा तेव्हाच उलगडते.

शब्दही फसवितात. मेक्सिकोत 'नोतारियो' म्हणजे मोठ्या अधिकाराचा कायदेपंडित. अमेरिकेत 'नोटरी' म्हणजे सही समक्ष झाली एवढाच दाखला देणारा मनुष्य. या नामसाम्याचा फायदा घेऊन कित्येकांनी गरिबांची जन्माची पुंजी लुबाडली आणि त्यांचे कागदही बिघडवून ठेवले. म्हणून पाटी न पाहता परवाना पाहावा. तसेच, ज्या भाषेत बोलणी झाली त्या भाषेतला करार मागावा. कॅलिफोर्नियात स्पॅनिशमध्ये ठरविलेल्या अनेक प्रकारच्या सौद्यांसाठी, सहीपूर्वी स्पॅनिश तर्जुमा देण्याचे कायद्याचे बंधनच आहे.

गावी पैसे पाठविताना केवळ हशील पाहू नये. तिकडे हातात किती पडणार ते विचारावे. हशील कमी आणि हुंडणावळ वाईट, हा जुनाच डाव आहे.

आपण काय घ्यावे?

१९५७ साली ह्यूस्टनचे एक उपाहारगृहवाले फेलिक्स तिहेरीना हे 'लूलाक' या १९२९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे अध्यक्ष होते. स्पॅनिश बोलणारी मुले पहिल्या इयत्तेतच मागे पडतात, हे त्यांनी पाहिले. शाळेपूर्वी त्यांना चारशे इंग्रजी शब्द शिकवावेत, अशी साधी योजना त्यांनी टेक्सासातील गनाडो या लहानशा गावी सुरू केली. पहिली शिक्षिका शाळेत शिकणारी एक मुलगी होती. दोनच वर्षांत टेक्सास राज्याने अशा वर्गांसाठी कायदा केला. सरकारची वाट न पाहता समाजाने आरंभ केला, म्हणून सरकार मागून आले.

आमच्या सभासदांपैकी कोणाची नातवंडे अमेरिकेत जन्मली असतील, तर वरील मदतीचा अर्ज तीही करू शकतात. येथून विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यांस मात्र ती मिळत नाही. कोणी तसे आश्वासन दिल्यास विश्वास ठेवू नये.

संस्थेस आमची एवढीच विनंती की, शिष्यवृत्तीच्या रकमेइतकेच लक्ष अर्जाच्या वाटेकडे द्यावे. वर्षातून एक रविवार सभागृहात टेबले मांडावीत. जाणत्या सभासदांनी मुलांचे अर्ज समोर बसून भरून घ्यावेत, कानडी व इंग्रजी कागद आईवडिलांस मराठीत समजावून सांगावेत, आणि कर्ज घेणाऱ्या प्रत्येक घराला ते दोन रकाने आखून द्यावेत. यास निधी फारसा लागत नाही. चार माणसांचा दिवस लागतो. तेवढ्याने एका मुलीची मुदत चुकली नाही, तरी महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.