मूठ सुटेना म्हणून

"घट्ट धरा. आता पटकन सोडा." डॉक्टरीणबाईंनी आपली दोन बोटं म्हसवडहून आलेल्या माझ्या पाहुण्यांच्या मुठीत दिली होती. पकड सुटेना. बोटं एकेक करून उलगडली. तेच पुन्हा पुन्हा करायला लावल्यावर मूठ जरा मोकळी होत गेली. मग त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी रबरी हातोडी हलकेच मारली. अंगठा तळव्याकडं ओढला गेला आणि तिथंच अडकून बसला. म्हशीची धार काढून झाली तरी आचळावरची मूठ सुटत नाही, ही पाहुण्यांची जुनी तक्रार. गावाकडं 'वात आहे' म्हणून तेल चोळणं चालू होतं.

पुढं ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी. ढिल्या स्नायूत सुई स्थिर ठेवली की यंत्र गप्प राहायला हवं. इथं मोटारसायकलची मूठ पिळून सोडावी तसा आवाज चढत-उतरत राहिला.

हा मायोटोनिक डिस्ट्रॉफीचा पहिला प्रकार. पक्कं निदान रक्ताच्या जनुकीय तपासणीनं होतं. 19व्या गुणसूत्रावरच्या डीएमपीके जनुकात 'सीटीजी' ही तीन अक्षरं निरोगी माणसात 5 ते 34 वेळा येतात. आजारात ती 50च्या पुढं जातात, कधी हजारावर. हे 1992 मध्ये उमगलं. पिढीगणिक आकडा बहुधा वाढतो, आजार लवकर आणि जोरात येतो. पाहुण्यांच्या वडिलांना ऐन चाळिशीत मोतीबिंदू झाला होता, बाकी काही नाही. आता नातू वर्गात पेंगतो.

"मी यांच्या मामाचीच पोरगी. म्हणून झालं का हे?" वहिनींनी विचारलं. किती दिवस मनात ठेवलं असेल! नात्यातल्या लग्नानं दोन्हीकडून दोष यावा लागणारे आजार वाढतात, कंबर-खांद्याच्या डिस्ट्रॉफीचे बरेच प्रकार तसे. इथं एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. दोष वडिलांकडून आलेला दिसत होता, वहिनींच्या माहेराचा त्यात संबंध नव्हता.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो ईसीजी. या आजारात हृदयातला विद्युतसंदेश मंदावतो, माणूस अचानक जाऊ शकतो. वेळेत कळलं तर पेसमेकर बसवता येतो. म्हणून हात कितीही बरा वाटो, दरवर्षी ईसीजी हवाच. कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्यालाही आजार सांगायचा, कारण काही औषधांनी स्नायू आखडतात आणि श्वास अडतो.

पाहुण्यांचे धाकटे भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात दक्षिणेत असतात. बाईंनी दवाखान्यातूनच त्यांना फोन लावायला सांगितला. मुठीचं नंतर विचारलं. आधी विचारलं, चक्कर येते का, छातीत धडधडतं का.